रेप्लिका घेऊ की डीआर? तीन हॉटेलं, एक सर्व्हर आणि मालक म्हणतात एकच काय ते सांग

फेरीबोट
जाणकारांनो, जरा लांबड लावतोय, सांभाळून घ्या.

मी पणजीत एका घरगुती हॉटेल ग्रुपचं आयटी बघतो, म्हणजे सर्व्हरपासून रिसेप्शनच्या प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापर्यंत सगळं मीच. तीन हॉटेलं आहेत, कांदोळी, पणजी, कोलवा. सॉफ्टवेअर पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसवर चालतं, डेटा साधारण ६० जीबी, सर्व्हर एकच, पणजीच्या हॉटेलच्या मागच्या खोलीत, त्याच खोलीत इस्त्रीचं टेबल पण आहे (हसू नका). रोज रात्री २ वाजता पीजीडंप (अख्ख्या डेटाची एक कॉपी) निघतो आणि शेजारच्या नासवर (नेटवर्कवरची साठवणीची पेटी) जाऊन पडतो. शेजारच्या म्हणजे अक्षरशः शेजारच्या, त्याच रॅकमध्ये.

आता पाऊस तोंडावर आलाय आणि मालक जागे झालेत. एक विक्रेता म्हणतो दुसरा सर्व्हर घ्या, मी रेप्लिकेशन लावून देतो (इकडे लिहिलेलं तिकडे लगेच उतरतं, ती जुळी कॉपी म्हणजे रेप्लिका), मग बॅकअपचं टेन्शनच नाही. दुसरा म्हणतो क्लाउडवर डीआर (डिझास्टर रिकव्हरी, संकटात दुसरीकडून परत उभं राहायची सोय) घ्या, दर महिन्याला भाडं. मालक म्हणतात दोन्ही नाही, एकच काय ते सांग. मी काय सांगू?

माटोळी
पहिल्या विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा. कोणी चुकून बिलांचं टेबल (डेटाबेसमधला तक्ता) ड्रॉप केलं, म्हणजे उडवलं, तर ते रेप्लिकावर किती सेकंद शिल्लक राहील? विचारताना त्याच्या तोंडाकडे बघा.

सोलकढी
इस्त्रीचं टेबल 😂 पाव-भाजी घेऊन बसलोय, चालू द्या.

आनंदीआनंद
माटोळीशी सहमत, आणि हे मी स्वतः भोगलंय म्हणून सांगतो. फोंड्याला औषधांच्या एका होलसेलवाल्याकडे होतो तेव्हाची गोष्ट. शनिवार, दुपार, जेवण झालेलं, डोळे जड. एका कंपनीच्या मालाचा भाव बदलायचा होता. आधी सिलेक्ट (नुसतं बघायची क्वेरी) चालवून बघितला, ४२ ओळी आल्या, बरोबर. मग अपडेट लिहिला, माऊसने क्वेरी निवडली, रन केली. शेवटची व्हेअरवाली ओळ (कुठल्या मालाचा भाव बदलायचा ते सांगणारी) निवडीत आलीच नव्हती. खाली आकडा आला तो ११ हजारांच्या वर. तापाच्या गोळीपासून इन्सुलिनपर्यंत सगळ्याचा भाव ८४ रुपये.

आमची रेप्लिका वेर्ण्याला होती. मी तिकडच्या पोराला फोन केला, आधी नेटची केबल उपट मग विचार. त्याने उपटली सुद्धा. पण मी फोन शोधून नंबर लावेपर्यंत तिकडेही ८४ पोचलेले. आणि गंमत म्हणजे रेप्लिकेशनच्या मॉनिटरवर सगळं हिरवंगार, लॅग (मागे पडणं) शून्य. इतकं छान चाललेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

शेवटी आदल्या रात्रीच्या डंपमधून भावाचं टेबल उचललं आणि शनिवार सकाळचे बदल कागदावरच्या बिलांवरून हाताने भरले. रविवार गेला. बायको अजून बोलून दाखवते.

काजूबोंड
वरची गोष्ट प्रत्येकाच्या घरात असते, कोणी सांगतो कोणी नाही. जगातल्या मोठ्यांची पण आहे. गिटलॅब या कोड साठवायच्या सेवेने तर सगळं उघडपणे लिहून ठेवलंय. ३१ जानेवारी २०१७, रेप्लिका मागे पडली म्हणून ती नव्याने बांधायला एक इंजिनिअर रात्री बसला, आणि रेप्लिकावरची समजून मुख्य सर्व्हरवरचीच डेटा डिरेक्टरी उडवली. ३०० जीबीच्या आसपास होतं, लक्षात येऊन थांबवेपर्यंत साडेचार जीबी उरलं. बरं, पीजीडंप रोज निघायचा ना? निघायचा, पण डेटाबेस ९.६ आणि डंप करणारं टूल ९.२ चं, म्हणून रोज फेल व्हायचा. फेल झाल्याचे ईमेल पण जायचे, पण ते समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता. कोणाला पत्ताच नाही. वाचवलं कशाने तर सुमारे ६ तास आधी दुसऱ्याच कामासाठी कोणीतरी काढून ठेवलेल्या स्नॅपशॉटने (त्या क्षणाच्या कॉपीने). तेवढ्या ६ तासांचा डेटा गेला तो गेलाच.

फेरीबोट, आता तुम्हाला विचारतो. रोज २ वाजता निघणारा तो डंप शेवटचा उघडून कधी बघितलात? फाईल आहे का असं नाही विचारत, दुसऱ्या मशीनवर चढवून त्यात कालची बिलं दिसतात का?

फेरीबोट
काजूबोंड, खरं सांगू? दोन वर्षांपूर्वी. तेव्हा ४० मिनिटं लागली होती असं आठवतंय.

काजूबोंड
मग "असं आठवतंय" वर तुमची तीन हॉटेलं चाललीत.

मूळ प्रश्न. रेप्लिका आणि डीआर ही दोन वेगळ्या आजारांची औषधं आहेत, एकाच दुकानात मिळतात म्हणून घोटाळा होतो. मशीन मेलं, पॉवर सप्लाय जळला, डिस्क गेली: रेप्लिका. माणूस चुकला, सॉफ्टवेअरच्या अपडेटने डेटा खराब केला: जुन्या क्षणाला मागे नेणारा बॅकअप, म्हणजे बेस बॅकअप (एकदा घेतलेली पूर्ण कॉपी) अधिक वॉल लॉगचं (प्रत्येक बदलाच्या नोंदवहीचं) आर्काइव्ह. खोलीच गेली, म्हणजे आग, पाणी, चोरी: जे काही आहे ते दुसऱ्या गावात पाहिजे. रॅन्समवेअर (डेटाला कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस): कॉपी अशा जागी पाहिजे जिथे तुमच्या सर्व्हरला डिलीट करायची परवानगीच नाही, नाहीतर तो शेजारचा नास पण त्याच रात्री लॉक होणार. ते नास सर्व्हरवर ड्राइव्ह म्हणून माउंट केलेलं आहे ना? वाटलंच.

दोन आकडे ठरवा. आरपीओ म्हणजे किती वेळाचा डेटा गेला तर चालेल. आरटीओ म्हणजे परत उभं राहायला किती वेळ.

सोलकढी
आरटीओचं नाव काढलंत की मला लायसन्स रिन्यूअल आठवतं. तिथे पण उभं राहायला किती वेळ हाच प्रश्न असतो.

रेंदेर
😂

फेरीबोट
मालकांना विचारलं. म्हणाले, डेटा काहीच जाता कामा नये आणि एक मिनिट पण बंद राहता कामा नये. मग खर्च किती विचारलं आणि मी सांगायच्या आधीच फोन ठेवला.

काजूबोंड
सगळे मालक तेच म्हणतात. शून्य डेटा जायला नको असेल तर सिंक्रोनस रेप्लिकेशन, म्हणजे समोरच्याने लिहून घेतलं असा निरोप आल्याशिवाय इकडचा कमिट (लिखाण पक्कं होणं) पुरा होत नाही. आता अंतर बघा. पणजी ते मुंबई धरा ६०० किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला २ लाख किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन ६ मिलिसेकंद हे निसर्गाने लावलेलं भाडं, त्यात तार काही सरळ रेषेत जात नाही आणि मधे राउटर्स, म्हणजे प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-तिप्पट धरून चाला. प्रत्येक कमिटला. तरी हॉटेलला ते जाणवणार नाही, एका चेक-इनला असे कमिट तरी किती.

जाणवेल दुसरंच. सिंक्रोनसला एकच स्टँडबाय (समोरची रेप्लिका) ठेवला आणि तो बंद पडला की मुख्य सर्व्हर चालू असूनही लिहिणं अडकतं. एरर येत नाही, नुसता थांबून राहतो. दुपारी १२ वाजता, चेक-आउटची रांग, स्क्रीनवर गोल गोल चक्र. म्हणजे बंद पडू नये म्हणून दुसरं मशीन घेतलं आणि आता दोन्हीपैकी कुठलंही बंद पडलं की हॉटेल बंद.

रेंदेर
असिंक्रोनसचे (निरोपाची वाट न बघता पुढे जाणाऱ्याचे) पण नखरे आहेत, ऐका. आमच्या ऑफिसबाहेर रस्ता खणत होते (पणजीत कुठला रस्ता खणलेला नव्हता ते सांगा), जेसीबीवाल्याने फायबर तोडली. आमची रेप्लिका म्हापशाला. तिचा संपर्क तुटला, आम्ही म्हटलं जाऊ दे, असिंक्रोनस आहे, तार जोडली की मागचं भरून काढेल. तीन दिवस तार जोडली नाही. चौथ्या दिवशी सकाळी मुख्य सर्व्हरच आडवा.

कारण रेप्लिकेशन स्लॉट. स्लॉट म्हणजे मुख्य सर्व्हरने रेप्लिकाला दिलेला शब्द की तू येईपर्यंत तुझे लॉग मी फेकणार नाही. तो शब्द पाळता पाळता त्याची डिस्क भरली. पोस्टग्रेस १३ पासून या लॉगला मर्यादा घालता येते, पण ती आपण घालावी लागते, आपोआप नसते. आता आमच्याकडे मर्यादा आहे, आणि डिस्क ७० टक्के झाली की मोबाइलवर मेसेज. मोबाइलवर, ईमेलवर नव्हे. गिटलॅबचं वर वाचलंतच.

पुणेरीबाणा
एवढं कशाला? पॅट्रोनी हे सॉफ्टवेअर टाका, ऑटोमॅटिक फेलओव्हर (मुख्य सर्व्हर पडला की दुसरा आपोआप मुख्य), विषय संपला.

काजूबोंड
दोन मशीनवर ऑटोमॅटिक फेलओव्हर? मधली तार तुटली तर दोघांनाही वाटणार दुसरा मेला, दोघेही मुख्य सर्व्हर बनणार. म्हणून तिसरा साक्षीदार लागतो, एटसीडीचे (मुख्य कोण ते नोंदवून ठेवणाऱ्या सेवेचे) किमान तीन नोड, आणि ते तीन ठिकाणी. इस्त्रीच्या खोलीत तीन ठिकाणं कुठली काढू?

आणि तीन असले तरी. २१ ऑक्टोबर २०१८, गिटहब, तीही कोड साठवायचीच सेवा. नेटवर्कच्या उपकरणाच्या दुरुस्तीत ४३ सेकंद संपर्क तुटला. ४३ सेकंद! ऑटोमॅटिक यंत्रणेने नियमाप्रमाणे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसला मुख्य केलं. पूर्वेकडे काही सेकंदांचं लिखाण राहिलं होतं जे पश्चिमेला पोचलंच नव्हतं, आणि तोपर्यंत पश्चिमेला नवीन लिखाण सुरू. दोन वह्या, दोन्ही खऱ्या. सगळं जुळवून सुरळीत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. आणि त्यांच्याकडे तुमच्या-माझ्यासारखे एकटे लोक नव्हते.

तीन हॉटेलांसाठी फेलओव्हरचं बटण माणसाच्या हातात ठेवा.

पुणेरीबाणा
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

नाईटऑडिट
मी इथे फक्त वाचायला येते, आयटीतली नाही. पण कळंगुटला दोन हॉटेलांत मिळून नऊ वर्षं फ्रंट ऑफिस केलंय म्हणून बोलते. तुम्ही सगळे डेटा डेटा म्हणताय, कुठला डेटा ते कोणी विचारतच नाही.

बुकिंग गेलं तर घाबरायचं नाही. ऑनलाइन बुकिंग चॅनेल मॅनेजरकडे (बुकिंग साइट्सना हॉटेलशी जोडणारं सॉफ्टवेअर) असतात, ती परत ओढून घेता येतात, फोनवरची असतील तर आमच्या डायरीत. परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारी पोर्टलवर २४ तासांत भरायची असते, तीही तिकडे भरलेली असते. जीव जातो तो चालू फोलिओपाशी, म्हणजे पाहुण्याच्या उघड्या खात्यापाशी. रूम २०४ ने परवा रात्री बारमध्ये काय घेतलं, काल लाँड्री किती, आगाऊ पैसे किती भरले, रोख की कार्ड. हे दुसरीकडे कुठे नसतं. आणि पाहुणा चेक-आउटच्या वेळी कधीच म्हणत नाही की माझी दोन बियर राहिली.

नाईट ऑडिट (रात्री दिवसाचा हिशेब जुळवणं) होऊन दिवस बंद झाला की तोपर्यंतचं सगळं रिपोर्टमध्ये कागदावर येतं. म्हणजे खरा धोका असतो पहाटेच्या ऑडिटपासून रात्रीपर्यंतचा. तुमचा बॅकअप २ ला निघतो. तुमच्याकडे ऑडिट किती वाजता होतं?

फेरीबोट
ताई, पणजी आणि कोलव्याला १ वाजता. कांदोळीला बार उशिरापर्यंत चालतो म्हणून ३ ला. म्हणजे कांदोळीचा बॅकअप रोज दिवस बंद व्हायच्या आधीचा निघतोय. हे पाच वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

नाईटऑडिट
आणि सॉफ्टवेअर बंद पडलं तर किती वेळ कागदावर काढता येईल तेही मालकांना विचारू नका, रिसेप्शनला विचारा. मी असताना चार तास आरामात काढले असते, हाताने लिहिलेली पावती, मागाहून एन्ट्री. पण २८ डिसेंबर ते २ जानेवारी या दिवसांत अर्धा तास सुद्धा नाही.

आनंदीआनंद
क्या बात है. आमच्या सगळ्यांच्या आधी ताईंना विचारायला हवं होतं. वाचनखूण साठवतो.

काजूबोंड
ताईंनी काम सोपं केलं. म्हणजे आरपीओ पाच-दहा मिनिटं, आरटीओ चार तास, नाताळात कमी. याला सिंक्रोनस नको आणि ऑटोमॅटिक पण नको.

पहिली गोष्ट वॉल आर्काइव्ह, त्यासाठी पीजीबॅकरेस्ट हे टूल वापरा. एक मेख: लॉगची फाईल १६ एमबीची असते आणि भरल्याशिवाय बाहेर जात नाही. पावसाळ्यातल्या मंदीत फाईल भरायला तास लागेल, तेवढा वेळ ती माहिती फक्त तुमच्या सर्व्हरवर. म्हणून आर्काइव्ह टाइमआउट (न भरलेली फाईलही पाठवायची वेळ) ५ मिनिटं ठेवा. दिवसाला २८८ फाईल, पूर्ण धरल्या तर साडेचार जीबीच्या वर, पण अर्ध्यारिकाम्या फाईली दाबल्या की नखाएवढ्या होतात. १ मिनिट ठेवाल तर २३ जीबी, हॉटेलच्या नेटवर ते कशाला.

दुसरं, ठेवायचं कुठे. ॲमेझॉनचं क्लाउड मुंबईत २०१६ पासून आहे, हैदराबादला २०२२ पासून. मायक्रोसॉफ्टचं अझ्युअर पुणे आणि चेन्नई. मी हैदराबाद म्हणेन. तौक्ते आठवा, १६ मे २०२१ ला गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, दुसऱ्या दिवशी मुंबईला झोडपून रात्री गुजरातेत शिरलं. एकाच वादळाच्या वाटेवर दोन्ही घरं का बांधायची? मुंबईतली डेटा सेंटरं भक्कम आहेत, मान्य, पण भाव जवळपास सारखाच असेल तर आतल्या अंगाला जा. आणि बकेटवर (क्लाउडमधल्या साठवणीच्या जागेवर) ऑब्जेक्ट लॉक लावा, म्हणजे मुदतीआधी कॉपी पुसता येत नाही.

रेंदेर
तौक्तेच्या वेळी आमच्याकडे दोन दिवस लाइट नव्हती, जनरेटरचं डिझेल आणायला गेलो तर रस्त्यात माड आडवा. तेव्हा कळलं की बॅकअप दुसऱ्या गावात असणं वेगळं आणि तो उघडायला तिकडे मशीन असणं वेगळं. फेरीबोट, तिकडे एक लहान मशीनचा साचा तयार करून बंद ठेवा, बंद मशीनचं फक्त डिस्कचं भाडं लागतं. ओएस मात्र इकडची तीच, तीच आवृत्ती. लिनक्समधली जीलिबसी ही लायब्ररी २.२८ झाली तेव्हा अक्षरांचा क्रम बदलला, जुन्या ओएसवरचा डेटा नवीनवर उचलून ठेवला की इंडेक्स (शोधायच्या सूची) गुपचूप चुकतात, पाहुण्याचं नाव शोधलं तर सापडत नाही आणि यादीत मात्र दिसतं.

सीए_आवशीचोघो
मधेच तोंड घालतो. तुमचा ग्रुप कंपनी म्हणून नोंदलेला असेल तर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं बंधनकारक आहे, ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीत "ठरावीक काळाने" काढून "रोज" केलं. तेव्हा स्वस्त मिळतं म्हणून सिंगापूर वगैरेला एकुलती एक कॉपी ठेवू नका. आणि सायबर हल्ला झाला तर सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला) ६ तासांत कळवायचं असतं. ते ६ तास लक्षात आल्यापासून मोजतात, मालक फोन उचलतात तेव्हापासून नाही.

माटोळी
आणि रेप्लिका? ती घ्यायचीच नाही का मग?

काजूबोंड
घ्या, पण दुसऱ्या नंबरावर. जुना पीसी चालेल. कांदोळीला ठेवू नका, समुद्राच्या वाऱ्याने मदरबोर्डला वर्षभरात हिरवं चढतं, माझे दोन गेलेत. एक तास उशिराने लागू होणारी रेप्लिका पण करता येते, म्हणजे आनंदीआनंद यांच्या ८४ रुपयांच्या वेळी तासभर सावरायला मिळतो. पण मग मशीन मेलं तर तिला तो तास आधी भरून काढावा लागतो. एकाच मशीनकडून दोन्ही अपेक्षा ठेवू नका.

फेरीबोट
तीन आठवड्यांनी परत आलोय. आर्काइव्ह हैदराबादला सुरू केलं, आणि काजूबोंड यांनी टोचलं म्हणून मालकांच्या भाच्यासमोर सराव केला. तो म्हणाला समज सर्व्हर जळाला, त्याला हात लावायचा नाही. ठीक म्हटलं.

पहिल्या पाच मिनिटांतच अडकलो. बॅकअप एन्क्रिप्ट केलेला (कुलूपबंद), त्याचा पासफ्रेज (उघडायचा पासवर्ड) कॉन्फिग फाईलमध्ये, आणि ती फाईल फक्त जळालेल्या सर्व्हरवर. भाचा हसायचा थांबेना. "जळालेल्या" सर्व्हरवरून गुपचूप काढली. मग रिकव्हरीची वेळ दिली १४.०५, म्हणजे आमच्या खोट्या चुकीच्या एक मिनिट आधीची. तिकडचं मशीन यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्याने १४.०५ म्हणजे आपले संध्याकाळचे ७.३५ धरले, आपल्याकडे वाजले होते ४. सगळे लॉग संपले तरी त्याची वेळ येईना. आमची आवृत्ती १४ आहे म्हणून एरर देऊन थांबला तरी, १३ च्या आधीची असती तर चुकीसकट सगळं लावून डेटाबेस सुरू करून दिला असता.

एकूण ३ तास ४० मिनिटं. माझ्या आठवणीतली ४० मिनिटं कुठून आली होती देव जाणे. दुसऱ्यांदा केलं तेव्हा १ तास १० मिनिटं. पासफ्रेज आता कागदावर लिहून मालकिणीच्या बँकेतल्या लॉकरमध्ये आहे, सोन्याबरोबर, आणि दुसरी कॉपी भाच्याकडे. कांदोळीचं ऑडिट लक्षात घेऊन डंप पहाटे ४ ला नेला. रेप्लिकासाठी जुना पीसी कोलव्याला न ठेवता मालकांच्या फोंड्याच्या घरी ठेवतोय, चवथीच्या आत.

नाईटऑडिट ताईंचं ऐकून अजून एक केलं, सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ ला तिन्ही रिसेप्शनवर चालू पाहुण्यांची यादी फोलिओच्या बाकीसकट आपोआप छापली जाते. सगळ्यांना देव बरें करूं.

नाईटऑडिट
छान केलंत. तो प्रिंटर यूपीएसवर आहे ना?

फेरीबोट
...
उद्या सकाळी पहिलं ते.